पत्ता नसलेला तिसरा निकाल

आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त भाजीच्या पिशवीतून येते, दाराला टांगायला नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, सांगलीजवळ माधवनगरला राहते, आणि इथं लोक लिहितात ते गूढ अनुभव आजवर निव्वळ करमणूक म्हणून वाचत आले. पण गेल्या हिवाळ्यात भर दुपारी माझ्याच टेबलावर जे घडलं, ते लिहायला आता मीच बसलेय... भीतीनं नाही हं, आनंदानं!

आधी कामाचं थोडं सांगते. एआय एजंट म्हणजे आपण सांगितलेलं काम स्वतःहून पार पाडणारा प्रोग्रॅम. त्याला वेबवर काही शोधायचं तर एक सर्च टूल लागतं. तसलं एक खाजगी टूल मी घरच्या कॉम्प्युटरवर बनवत होते. एजंटनं विचारायचं, टूलनं शोधून पानं आणायची, आणि कोण विचारतंय हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. चाचणी चालू होती, म्हणून काय विचारलं आणि काय आलं याची नोंद तेवढी माझ्याकडे राहायची.

त्याच आठवड्यात वडूजहून माझे सर्जेरावमामा आले. फौजेतून निवृत्त. मिरजेच्या डॉक्टरांनी बायपास सांगितलेली, आणि मामा ऐकायलाच तयार नाहीत!

"मामा, अहो उशीर करून चालणार नाही."

"दत्तूचा पत्ता लागू दे. मग काय कापायचं ते कापा."

दत्तू खिलारे हा त्यांचा पलटणीतला जोडीदार. बर्फातल्या चौकीवरून त्याला बेशुद्ध अवस्थेत स्ट्रेचरवर खाली नेलं. पुढं मामांची बदली झाली. तो जगला की गेला, हे तीस वर्षं कळलंच नव्हतं. पत्रं परत आली, चौकशा वाया गेल्या.

म्हटलं, चला, एजंटलाच कामाला लावू. मी टाइप केलं — दत्तू खिलारे, निवृत्त सैनिक, सांगली जिल्हा. बस. मामांचं नाव कुठंही नाही, हे लक्षात ठेवा.

तीन निकाल आले. पहिलं एक लग्न जुळवायचं पान, दुसरा त्याच आडनावाचा कुणी डॉक्टर. तिसऱ्यात एवढंच होतं — "सर्जा, गुळाचा खडा पोचला. आता तू ये. पाण्याच्या टाकीमागचं नवीन घर." आणि खाली जत तालुक्यातल्या, कर्नाटक हद्दीजवळच्या एका गावाचं नाव.

मी मोठ्यानं वाचलं. मामा कॉटवरून उठून माझ्या खुर्चीला धरून उभे राहिले.

"परत वाच."

परत वाचलं.

"अश्वे, पोरी... त्याला उचलला तवा माझ्याकडचा शेवटचा गुळाचा खडा मी त्याच्या खिशात टाकला व्हता. कुणी बघितलं न्हाई. तुझ्या मामीलापण कवा बोललो न्हाई गं!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ते पान उघडायला गेले, तर वेबपत्त्याची जागा कोरी! आता गंमत ऐका — ज्या निकालाला वेबपत्ता नाही तो फेकून दे, अशी ओळ त्या टूलमध्ये मीच लिहिलेली आहे. म्हणजे तो निकाल माझ्यापर्यंत यायलाच नको होता. पुन्हा तोच शोध केला, तर दोनच निकाल. पन्नास वेळा केला... दोनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. टाकीमागं नव्या रंगाचं घर होतं, आणि अंगणात एक उंच, लंगडत चालणारा माणूस तुरीच्या शेंगा वाळत घालत होता. मामा फाटकातूनच ओरडले, "दत्त्या!"

त्या माणसाच्या हातातलं सूप खाली पडलं.

"सर्जा? लेका, हायस व्हय रं तू?"

"हाय की गड्या, हाय!"

दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून लहान पोरांसारखे रडत होते. मी आणि दत्तूमामांची बायको, आम्हीपण.

चहा घेताना मी न राहवून विचारलंच. "तो निरोप तुम्ही कुठं टाकला होता?"

"कसला निरोप? आवं ताई, माझा फोन बटणाचा हाय. दवाखान्यात खिशातनं गूळ निघाला, तवा कळलं ह्याचाच. पर मी कुणाला कशाला सांगू?"

त्यांच्या बायकोलाही गुळाचं आम्ही गेलो त्या दिवशीच कळलं. शिवाय नव्या घरात येऊन त्यांना जेमतेम पंधरा दिवस झाले होते. "लाइट बिल अजून जुन्या घरी येतंय बघा," ती म्हणाली.

मामांचं ऑपरेशन झालं. दत्तूमामा तीन दिवस दवाखान्याच्या बाकावरून हलले नाहीत, नर्स दोनदा रागावली तरी. मामा आता ठणठणीत आहेत. रोज सकाळी दोघं फोनवर फौजेतल्या हिंदीत भांडतात.

मी मात्र अजून तिथंच अडकलेय. तुम्ही म्हणाल, एआयनं मनानंच काहीतरी रचलं असेल. पण तो निरोप टूलच्या नोंदीत आहे, एजंटकडे पोचण्याआधीचा. पुण्याच्या एका मैत्रिणीनं सगळा कोड ओळ न् ओळ तपासला. चूक नाही, बाहेरून कुणी घुसल्याची खूण नाही. तिनं शेवटी विचारलं, "मग आलं कुठून?" ती नोंद मी अजून जपून ठेवलीय.