गोटूच्या कड्याचा आवाज

चुडामणच्या घरात राग वंशपरंपरेनं आलेला आहे. दुसऱ्यांच्या वाट्याला केळीच्या बागा येतात, यांच्या वाट्याला राग आला. बाप चिडला की ताट भिरकावायचा. आई मालूबाई चिडली की आधी चप्पल शोधायची आणि कोणाला मारायचं ते मग ठरवायची. दोन मुलांपैकी धाकट्या गोटूचा राग रोजचा, थोरल्या चुडामणचा सणासुदीचा. रोजच्या रागाची माणसाला सवय होते. सणासुदीचा वाईट, हे बुऱ्हाणपुरातल्या लोकांना फार उशिरा कळलं.

दिवसा दोघे भाऊ एकाच कापड कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे राहायचे. लग्नसराईत मात्र त्यांची पार्टी निघायची. चुडामण जुन्या कीबोर्डवर, गोटू ढोलकवर आणि गायला रंजिता. ही पार्टी नसली तर हळद अंगाला लागत नाही असं बायका म्हणायच्या, आणि ते गोटूमुळे म्हणायच्या, चुडामणमुळे नव्हे. गोटूच्या उजव्या मनगटात स्टीलचं जाड कडं होतं. ताल फिरून समेवर आला की ते ढोलकच्या लाकडावर आपटायचं, टिण्ण. मुद्दाम नाही, सवयीनं. पण नाचणाऱ्या बायकांचे पाय त्या टिण्णची वाट बघायचे.

ही पार्टी मोडली असीरगढ किल्ल्याच्या पायथ्याच्या एका लग्नात. नवरदेवाचा मावसभाऊ पिऊन आला आणि रंजिताचा पदर ओढून तिला नाचायला खेचू लागला. गोटूनं ढोलक बाजूला ठेवली नाही, ढोलकच त्याच्या तोंडावर घातली. माणूस रक्त थुंकत खाली बसला आणि त्या रक्तात दात होते. मग अख्खं वऱ्हाड उठलं. खुर्च्या उडाल्या, जळतं लाकूड आलं, जुना कीबोर्ड चुडामणच्या पाठीवर फुटला. कपाशीच्या शेतातून तिघं पळत हायवेला लागले तेव्हा रंजिताच्या पायात चप्पल नव्हती आणि गोटू हसत होता.

गोटूचं चुकलं नव्हतं, असं त्या गावातले लोकसुद्धा खासगीत म्हणाले. पण बरोबर असलेल्या माणसाला हळदीला बोलावतंच कोण? रंजितानं गाणं सोडलं. सुपारी घेऊन येणारे तोंडावर सांगू लागले, "चुडामणभाऊ, तुमी एकटे येत असान तर बोला. गोटूले नका आणू." चुडामणला ते ऐकून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. बरं वाटल्याचं त्यानं कोणाला सांगितलं नाही. आयुष्यभर भावाच्या मागे हात जोडत, माफ्या मागत फिरून त्याचे हात दमले होते.

एकट्यानं वाजवायचं तर साधा कीबोर्ड कामाचा नाही. डाव्या हातानं सूर दाबला की ढोलक, बास, व्हायोलिन सगळं आपोआप साथीला येईल असा पाहिजे. तो इंदूरला गेला. दुकानातल्या पोरसवदा विक्रेत्यानं रंगीत पडद्याचा एक भला मोठा कीबोर्ड समोर ओढला. "भैया, पूरा ऑर्केस्ट्रा है इसमें. लेफ्ट हँड से कॉर्ड पकडो, बाकी सब ये बजाएगा."

चुडामणनं बोटं ठेवली आणि खरंच सगळे वाजू लागले. आज्ञाधारक ढोलक त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकली. थांब म्हटलं की थांबणारी, कोणाचे दात न पाडणारी. पण चार फेऱ्या झाल्या आणि त्याचे कान वाट बघू लागले. सम आली, गेली. काहीच आपटलं नाही. धुऊन, इस्त्री करून ठेवलेला कहरवा ताल होता तो.

"अपना खुद का ताल अंदर डालना है," तो म्हणाला. "ऐसा है क्या?"

विक्रेत्यानं नाइलाजानं कोपऱ्यातला दुसरा काढला. लहान, काळा, दिसायला अगदीच गरीब. पण त्यात माइक लागत होता. आपण वाजवलेला ताल तो आत घ्यायचा आणि हवा तितका वेळ, हव्या त्या लयीत परत वाजवायचा. अख्खं गाणं पेनड्राइव्हवर भरून द्यायचा. आणि लाइट नसली तरी सेलवर चालायचा. चुडामणनं तिथंच निश्चय केला. त्याच्या गल्लीत घरोघर लूम. दिवसभर खटखट, आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. तिथं रेकॉर्डिंग करायचं तर लाइट जाण्याचीच वाट बघायला हवी. लाइट गेली की गल्ली गप्प. अशा वेळी चालणारं यंत्रच त्याच्या कामाचं होतं. मोठा, देखणा कीबोर्ड त्या शांततेत मुका बसला असता.

एका सुट्टीच्या दुपारी लाइट गेली आणि त्यानं गोटूला हाक मारली. "ढोलक घे. थोडं भरून ठेवू."

"कसाले?"

"रेकॉर्डिंग शिकून राह्यलो. घरी ठेवाले."

गोटू बसला. इतके दिवस कोणी बोलावलं नव्हतं, त्याची सगळी भूक त्यानं त्या दुपारी ढोलकवर काढली. लाइट आली, लूम सुरू झाले, तेव्हा घामानं त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. चुडामणनं भरलेलं ऐकवलं. गोटूनं स्पीकरला कान लावला. टिण्ण. तो लहान पोरासारखा हसला. "अबे, हा तं मीच हाय!"

हा ताल लग्नांत वाजणार, हे इथंच सांगायला हवं होतं. चुडामणनं सांगितलं नाही. घरचाच हात, त्यात चोरी कसली, अशी त्यानं मनाची समजूत घातली. खरं कारण भेकडाचं होतं. सांगितलं असतं तर गोटू म्हणाला असता, मग मीच येतो ना.

पुढे बुऱ्हाणपुरातल्याच लालबागला एका हळदीत चुडामण एकटा बसला. मांडवात ऊन कलतं होतं, बायका फेर धरून नाचत होत्या आणि कितीतरी दिवसांनी कोणी तरी म्हणालं, आज मजा आली. त्याच रस्त्यानं गोटू कारखान्यातून सायकलवर घरी चालला होता. आधी त्याला ढोलक ऐकू आली. मग टिण्ण. त्यानं आपल्या मनगटाकडे पाहिलं. कडं तिथंच होतं, हँडलवर, गप्प.

सायकल रस्त्यातच टाकून तो मांडवात शिरला. त्यानं आधी वायर उपटली. पण कीबोर्ड सेलवर चालू राहिला, त्याच्याच हातचा ताल बारीक आवाजात वाजतच राहिला, आणि त्यानं गोटू जास्तच पिसाळला. त्यानं स्पीकरला लाथ घातली. हळदीचं ताट उडालं, बायका किंचाळत भिंतीला लागल्या.

"मले घरी ठेवलं नी माह्या हाताले घेऊन आला?" तो ओरडला. "लाज वाटत नाही बे तुले?"

"गोटू, घरी चल. घरी बोलू."

"मी चोर हाय का? मले कावून लपवलं?"

गोटूनं वाजता कीबोर्ड दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. चुडामणनं माइकचा लोखंडी स्टँड उलटा धरला आणि भावाच्या उजव्या मनगटावर घातला.

पहिल्याच घावाला कीबोर्ड सुटला आणि मांडवात अंथरलेल्या गादीवर पडला. त्याला काही झालं नाही. यंत्र वाचलं होतं, चुडामणचं काम तिथं संपलं होतं. पण त्याचा हात थांबला नाही. गोटू खाली बसला, हात जमिनीवर टेकला, आणि चुडामणनं त्या हातावर पुन्हा घातला. आणि पुन्हा. बापाच्या भिरकावलेल्या ताटांसाठी, मागितलेल्या माफ्यांसाठी, असीरगढच्या त्या कपाशीतल्या हसण्यासाठी. हाड मोडल्याचा आवाज त्यानं ऐकला आणि तरी आणखी एकदा घातला. लोकांनी त्याला मागून धरलं तेव्हा गादीवरून कीबोर्ड अजून वाजत होता. टिण्ण.

काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी कधी लोखंडानं मारलेलं नसतं.

दवाखान्यात हात सुजून एवढा झाला की कडं कापून काढावं लागलं. कसं झालं असं विचारल्यावर गोटू म्हणाला, "लूममंधी सापडला." दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाला. पोलीस आले नाहीत. मालूबाईनं यावेळी चप्पल शोधली नाही. ती चुडामणला जेवायला वाढायची, पण ताट जमिनीवरून पायानं सरकवायची. आईनं पायानं सरकवलेलं ताट. तो मुकाट जेवायचा.

प्लास्टर निघालं. हाड जुळलं, पण बोटं पुरती मिटेनात. चहाचा कप धरता येई, ढोलकवर थाप पडेना. चुडामणनं भावाचा ताल पुन्हा लावला नाही. तो यंत्रातला इस्त्रीचा कहरवा लावून वाजवायचा. लोक जेवून निघून जायचे.

मग एका दुपारी गोटू दारात आला. डाव्या हातात कारखान्यातला हातोडा होता. मालूबाई चुलीपाशी उभी राहिली, पण मध्ये पडली नाही. चुडामणनं कीबोर्ड आणून त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला. मग स्वतःचा उजवा हात त्याच्या शेजारी पसरून ठेवला.

"घे," तो म्हणाला. "जे फोडायचं ते फोड."

गोटूनं हातोडा उचलला. हातावर, की पट्ट्यांवर, हे त्यालाही ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात लाइट गेली. लूम एकदम थांबले आणि गल्ली गप्प झाली.

"लाव," गोटू म्हणाला. "माहा लाव."

चुडामणनं लावला. घामेजल्या शर्टाची ती दुपार घरभर वाजू लागली. समेवर टिण्ण झालं आणि गोटूचं उजवं मनगट आपोआप हललं. रिकामं. त्यानं ते डाव्या हातानं धरून ठेवलं, आणि हातोडा खाली पडला. मालूबाईच्या तोंडून हुंदका फुटला.

"हे फोडलं तं माहा हात दोनदा मोडन," तो म्हणाला. "एकदा तू मोडला. दुसऱ्यांदा मी कसाले मोडू?"

चुडामण रडू लागला. गोटूनं त्याला रडू दिलं, जवळ घेतलं नाही.

"सुरू कराचं बटन कोणतं?" त्यानं विचारलं.

आता पार्टी पुन्हा दोघांची आहे. चुडामण पट्ट्यांवर, गोटू शेजारच्या खुर्चीवर. गोटूला बोलावू नका म्हणणाऱ्याची सुपारी चुडामण घेत नाही. ताल सुरू करायचं बटन गोटू डाव्या हाताच्या अंगठ्यानं दाबतो. चुडामणनं त्या बटनाला त्या दुपारनंतर हात लावलेला नाही.

बहुतेक वेळा सगळं नीट पार पडतं. कधी मात्र गाणं रंगात येतं, बायका बेभान होतात, कोणी तरी ओरडतं, वा चुडामणभाऊ, काय ढोलक आहे! तेव्हा गोटू मधेच बटन दाबून ताल बंद करतो. नाचणाऱ्यांचे पाय हवेत राहतात. सगळे चुडामणकडे बघतात. चुडामण पट्ट्यांवर हात ठेवून, मान खाली घालून बसून राहतो. यंत्रातला दुसरा कहरवा बोटाच्या अंतरावर असतो, पण तो लावत नाही. भावाच्या मनात येईल तेव्हा तो पुन्हा सुरू करील, तोवर थांबतो.