डबी वाचणारा केमिस्ट

गेल्या रविवारी सकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एका विक्रेत्याने माझ्या आईला फसवलं. "अँटिऑक्सिडंट अमिनो ॲसिड आहे, औषध थोडंच आहे? डॉक्टरला कशाला विचारायचं?" म्हणत एन-ॲसिटाइल सिस्टीनची डबी तिच्या गळ्यात मारली.

ती डबी घेऊन मी नाक्यावरच्या, आईची औषधं नेहमी देणाऱ्या केमिस्टकडे गेलो. हा माणूस प्रत्येक डबी ट्यूबलाइटखाली धरून मोठ्याने वाचतो, मागे रांग खोळंबली तरी. मी नेहमी वैतागायचो. त्या दिवशी तो मध्येच थांबला.

"काकू छातीत दुखलं की जिभेखाली गोळी ठेवतात ना रे? हे कफ पातळ करायला चांगलं, पण त्या गोळीबरोबर प्रेशर एकदम उतरू शकतं. यातली घेतली का एक तरी?"

"सीलही फोडलं नाही."

तेव्हा कुठे तो स्टुलावर बसला. "वाचलो, यार."

तुमच्या घरातली अशी डबी आजच केमिस्टला दाखवा, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी त्याला सांगा.