वारंगा फाट्यावर अडवलेलं ओझं

नोकरीत शेकडो पंचनामे केले, त्यातले बहुतेक विसरलो. वारंगा फाट्यावर अडवलेल्या त्या ओझ्याचा पंचनामा मात्र अजून डोळ्यांसमोर आहे, आणि खरं सांगायचं तर अजूनही मला तो पुरता उलगडलेला नाही.

मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना खबऱ्याचा फोन आला. हा खबरी प्रवासी जीप चालवायचा. कोणाच्या घरी पाहुणा आला हे त्याला घरच्यांच्या आधी कळायचं.

"साहेब, सेनगावकडच्या तांड्यावर शहरातली एक बाई महिन्यापासून येऊन राहिली. एका म्हाताऱ्याचे फोटो काढते, त्याला पैसे देते. पैसा परदेशातून येतो म्हणतात. आज गाडीत काहीतरी बांधून नेऊन राहिली. गुप्तधन हाये, बराबर सांगतो."

गुप्तधन म्हटलं की आमच्या भागात शहाणी माणसंही कान टवकारतात. मीही टवकारले. फाट्यावर नाकाबंदी लावली आणि तासाभरात गाडी सापडली.

मागची सीट पाडून तिथे एक लाकडी चौकट ठेवली होती. चौकटीच्या दोन्ही अंगांना भरतकाम केलेल्या जुन्या गोण्या, पूर्वी बैलाच्या पाठीवर लादायचे तशा, आणि त्यांना शेळीच्या केसांचा दोर करकचून आवळलेला. गाडी चालवणारी बाई तिशीतली होती. ती म्हणाली, "मी कोकणातल्या एका जहाजांच्या संग्रहालयात काम करते. हे तिकडे चाललंय."

आमचा हवालदार माझ्या कानाशी लागला. "साहेब, हिंगोलीत समुद्र कुठं हाये?"

प्रश्न बिनतोड होता. बाईला ओझ्यासकट ठाण्यात आणलं, ठाणे दैनंदिनीत नोंद केली आणि महिला शिपायासमोर चौकशी सुरू केली. तिने न अडखळता सगळं सांगितलं. परदेशातल्या जुन्या खलाशांच्या घरच्यांनी मिळून एक न्यास काढला आहे. ते संग्रहालयाला देणगी देतात. त्यातून जुन्या होड्या दुरुस्त होतात, सुतारांना मजुरी मिळते, हिचा पगार आणि प्रवास निघतो.

"पण तांड्यावर काय काम?" मी विचारलं.

"साहेब, जहाजात भरलेला कापूस बंदरापर्यंत कोणी नेला? जिथे रेल्वे पोचली नव्हती तिथून बंजारा तांड्यांनीच नेला, बैलांवरून. आमच्याकडे जहाज आहे, नांगर आहे. ओझं नाही."

देणगी देणाऱ्यांत एक खूप म्हातारी बाई होती. तिचे वडील कापसाच्या जहाजावर सुतार. ती आपल्या पेन्शनमधून दरवर्षी थोडं पाठवायची. तिनेच पत्रात विचारलं होतं की कापूस किनाऱ्यापर्यंत आणणारी माणसं कोण होती. त्या पत्रावरून हे काम निघालं होतं.

पटलं म्हणावं तर पटत नव्हतं, खोटं म्हणावं तर धागा सापडत नव्हता. कुठली कोण म्हातारी आणि कुठला आमचा तांडा! परदेशी देणगी घ्यायला केंद्राची परवानगी लागते. त्या परवानगीचे कागद मी पडताळणीला पाठवले आणि ओझं उघडायला सांगितलं.

बाईने दोन्ही हात दोरावर ठेवले. "कागद येईपर्यंत थांबा, साहेब. बाकीचं बांधणं मी चित्रित केलंय. शेवटची गाठ तांड्यावरच्या बाबांनी पाठ फिरवून बांधली. परक्याला ती दाखवत नाहीत. ती फक्त इथेच आहे, या दोरात."

ती दुपारपर्यंत तशीच बसली. जी वस्तू संशयित उघडू देत नाही तिच्यातच माल असतो, हा आमचा ठोकताळा. दोन पंच बोलावले, हवालदाराने सुरी चालवली. गोणीतून कापूस निघाला. दुसऱ्या गोणीतूनही कापूसच. बाई ओंजळीत तोंड लपवून रडली.

थोड्या वेळाने निरोप आला की कागद चोख आहेत. पाठोपाठ, गाडी अडवल्याची बातमी तांड्यावर कळल्यामुळे, तो म्हातारा एसटीने ठाण्यात पोचला. त्याने दोराची टोकं हातात घेतली.

"काहून कापली, साहेब? ही गाठ एका झटक्यात सुटती. नदीत बैल बसला तं सुरी कोण हुडकत बसंल? मला बोलावलं असतं तं म्या सोडून देली असती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, पुन्हा बांधून द्या," मी म्हणालो. त्याने उजवा हात पुढे केला. "मागल्या टायमाला चार दिस लागले. आता बोटं धरत न्हाईत."

त्याच्या मुलांना गाठ येत नव्हती. म्हणजे आमच्या सुरीने ती संपली होती.

मग त्याने बाईकडे पाहिलं. "तू हितं कवापासून?" महिला शिपाईच बोलली, "सकाळपासून, बाबा. पाण्यालाबी उठल्या न्हाईत. वझ्याला हात लावू देत नव्हत्या."

म्हाताऱ्याने दोराची कापलेली टोकं जुळवून पाहिली. मग म्हणाला, "आमच्या घरात गाठ लेकाला देत न्हाईत, जो वझं नेतो त्याला देतात. पोरांनी बैल इकले, कोणी वझं नेईना, म्हून कोणाला देली न्हाई. पर ही तं वझं घेऊन निघाली व्हती की! माझ्या ध्यानातच आलं न्हाई. ये लेकी, बस. दोर उरलाय तेवढा पुरंल." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "साहेब, तुमी समदे तिकडं तोंड करा."

उभ्या नोकरीत मी किती जणांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं असेल. त्या दिवशी माझ्याच ठाण्यात, वर्दीतली आम्ही सात माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहिलो. मागून आवाज येत होता, "बोट आत घाल. वढ. चुकली, फिरून कर." तासभर कोणी मान वळवली नाही. शेवटी दोराचा एक झटका ऐकू आला आणि बाई हसली.

वर्षभरात म्हातारा गेला. ते सांगायला बाईचा फोन आला, तेव्हा मी विचारलं की तुम्ही गाठ कोणाला दाखवणार नाही हे पत्र लिहिणाऱ्या त्या परदेशातल्या म्हाताऱ्या बाईंना चाललं का. ती म्हणाली, त्यांचं उत्तर आलंय: ‘माझ्या बापाने त्याचं सगळं कसब मलाही दाखवलं नव्हतं, देणगी चालू राहील.’

या उत्तराने मी आजही गोंधळतो. न पाहिलेल्या गाठीवर, न पाहिलेल्या माणसांवर एक म्हातारी समुद्रापलीकडून विश्वास टाकते, आणि मी हातभर अंतरावर उभा राहून सुरी मागवतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत काहीही उघडायची वेळ आली की मी हवालदाराला एकच सांगायचो, आधी ज्याने बांधलंय त्याला बोलवा.