लेकाच्या पाठीवर जाऊबाईंची तुळस

माझ्या मुलाने पाठीवर टॅटू काढून घेतला याचं मला काहीच वाटलं नाही. त्याच्या वयाची निम्मी डोंबिवली अंगावर काहीबाही गोंदवून फिरते. मला लागलं ते त्याने जे काढून घेतलं त्याचं. माजिवड्याच्या कुठल्याशा दुकानातून तो रविवारी घरी आला, माझ्याकडे पाठ करून टी-शर्ट वर केला आणि म्हणाला, "बघ, ओळख पाहू."

ओळखायला काय हवं होतं? उजव्या खांद्याच्या खाली, चकचकीत प्लास्टिकच्या आत, माझ्या जाऊबाईंच्या हातावरचं गोंदण जसंच्या तसं उतरलं होतं. तुळशीचं वृंदावन, वर डोलणाऱ्या फांद्या, दोन्ही बाजूंना टिंबांच्या ओळी. तीस वर्षं मी त्या हाताशेजारी बसून भाजी चिरली आहे.

"मोठ्या आईचं आहे," तो म्हणाला. "तिच्या हातावरचं पुसट होत चाललंय ना आता. म्हटलं, कुठेतरी राहू दे."

मोठी आई म्हणजे जाऊबाई. आमच्या आगऱ्यांच्या घरात थोरल्या काकूला मुलं मोठी आईच म्हणतात. त्यात कुणाचा काही डाव नसतो, हे मला कळतं. पण एक मोठी असली की दुसरी आपोआप धाकटी होते, हे मी पहिल्या दिवसापासून मनात ठेवलं आहे. जाऊबाईंना मूल नाही. माझा मुलगा झाला तेव्हा मी ठाण्याला नोकरी करत होते, आणि रजा संपल्यावर तो त्यांच्या मांडीवर गेला तो गेलाच. त्याचं पहिलं पाऊल त्यांनी पाहिलं. त्याचा पहिला ताप त्यांनी काढला. मी संध्याकाळी घरी यायचे तेव्हा तो जेवून, तोंड धुऊन, पावडर लावून बसलेला असायचा, आणि मला करायला काही उरलेलं नसायचं. लोक म्हणायचे, किती नशीबवान आहेस, अशी जाऊ मिळाली. मी हो म्हणायचे. खरंच होतं ते. आणि मी जळायचे, तेही खरंच होतं.

"आणि माझं काही नाही का काढावंसं वाटलं?" मी हसत विचारलं. हसत विचारलं की माणूस हसत उत्तर देतो, आणि मग रागावता येत नाही.

"तुझ्या हातावर आहे काय काढायला?" तो म्हणाला.

नव्हतंच. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या माहेरी, दिवा गावात, गोंदणारी बाई आली होती. आईने पाट मांडला, हळद कालवली, तेलाची वाटी ठेवली. मी टायपिंग शिकत होते, दोन्ही हात मागे घेतले आणि म्हटलं, मला हे असलं नको, ऑफिसात लोक हसतील. आई रडली. मेल्यावर अंगावरचं सगळं काढून घेतात गो, गोंदण तेवढं बरोबर येतं, म्हणाली. माझे हात कोरेच राहिले. या हातांनी मी पगार आणला, याच्या शाळेची फी भरली, या बिल्डिंगच्या जमिनीच्या कागदांवर सह्या केल्या. त्यातलं काही पाठीवर उतरवून घेण्यासारखं नाही, एवढंच.

आता गंमत अशी की टॅटू पाठीवर. त्याचा स्वतःचा हात तिथे पोचत नाही. दुकानदाराने सांगितलेलं सगळं त्याने मला वाचून दाखवलं. कोमट पाण्याने धुवायचं, वास नसलेला साबण, पंच्याने पुसायचं नाही, कागदी रुमालाने नुसतं टिपायचं, आणि मलम अगदी पातळ, चमक येईल इतकंच. सकाळी आणि रात्री. "तूच कर हां आई," तो म्हणाला, "मोठ्या आईला आता नीट दिसत नाही."

मी मनातून हरखले, हे लपवून काय करू? निवृत्त झाल्यापासून मी घरात पाहुण्यासारखी वावरत होते. मुलगा रोज माझ्यापुढे पाठ करून बसेल, असं काही माझ्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. लहानपणी त्याला अंघोळ घालायला सुट्टीचा दिवस मिळायचा, त्यातही जाऊबाई दाराशी उभ्या राहून सांगायच्या, कानामागे चोळ, कानामागे.

म्हणून मी ते काम जीव लावून केलं. नखं मुळापासून कापली. त्याच्या पलंगावर जुनी मऊ चादर घातली, त्याचे घट्ट बनियन वर माळ्यावर टाकले. सुरुवातीला पाणी लागलं की काळी शाई पाघळायची आणि तो दातओठ खायचा. मग कातडी खरवडल्यासारखी होऊन पापुद्रे सुटायला लागले. "खाज येतेय गं, जरा खाजव ना," म्हणून तो मागे लागायचा. मी नुसती हलकी चापट मारायचे, तेवढंच चालतं म्हणे. चापट मारताना आम्ही दोघं हसायचो. आणि हे सगळं करताना माझ्या बोटांखाली कोण, तर जाऊबाई. त्यांची एकेक फांदी मी मलम लावून जपत होते. एकदा मनात आलं, एखादं नख चुकून लागलं तर काय होईल? नुसतं आलं. केलं नाही.

जाऊबाई खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचा आनंद बिल्डिंगभर पसरला होता. दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना हात पुढे करून दाखवायच्या, "हीच हो, हीच काढली पोरानं." मी जिन्यावरून जाताना ऐकायचे आणि पायातल्या चपलांचा आवाज जरा जास्तच करायचे.

मग शहाडला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. जाऊबाईंचे गुडघे धरले होते, त्या थांबल्या. मी संध्याकाळी परत आले, मुलाला बसवलं, टी-शर्ट वर केला आणि बघते तर पाठ पिवळी. तेल ओघळून थेट कमरेपर्यंत आलेलं. खाली जेवायला गेला तेव्हा त्यांनी लावून दिली होती. हळद आणि खोबरेल, भरपूर चोपडून. त्यांच्या काळी गोंदलं की तेच लावायचे, आणि त्यांचं गोंदण पन्नास वर्षं टिकलं, मग त्यांना कोण काय सांगणार?

"अरे, तू नको का नाही म्हणालास?"

"अगं, ती इतकी खूश होती," तो म्हणाला. "गाणं म्हणत होती लावताना."

मी धुऊन काढलं, पण दोन दिवसांत व्हायचं ते झालं. बारीक पुळ्या उठल्या, कातडी लाल झाली, आणि वरच्या फांदीवरची खपली तेलाने मऊ होऊन शाईसकट निघून आली. तिथे फिक्कट डाग राहिला. दुकानदाराला फोटो पाठवला. तो म्हणाला, हळद कुणी सांगितली, आता पूर्ण बरं होईपर्यंत हात लावू नका, मग बघू.

खरं सांगायचं तर मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पोराच्या पाठीची आग होत होती, तरी फुटत होत्या. इतक्या वर्षांत जाऊबाईंच्या हातून त्याच्या बाबतीत पहिल्यांदा चूक झाली होती, आणि माझ्याकडून झाली नव्हती. आता नुसतं खाली जाऊन सांगायचं होतं. वाक्य मी मनात तयारही केलं होतं, अगदी साधं, आवाज न चढवता.

तेवढ्यात तो म्हणाला, "आई, मोठ्या आईला सांगू नकोस हां. तिच्या हळदीनं बिघडलं हे कळलं तर ती चार दिवस जेवणार नाही."

"आणि विचारलं तर?"

"सांग की तुझ्याकडून झालं. मलम जास्त लागलं म्हणून."

"माझ्याकडून?"

"अगं, तुझं काय? तू समजून घेशील."

त्याने मोबाइल उचलला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. मी मात्र ते वाक्य घेऊन स्वयंपाकघरात गेले. जिचं मन जपायचं ती एक, आणि जिच्यावर ढकलायचं ती दुसरी. मी त्याची इतकी हक्काची आहे म्हणून त्याने माझं नाव पुढे केलं, की मला लागलेलं त्याला दिसतच नाही म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी आम्ही खाली जेवायला बसलो. जाऊबाईंनी मासे केले होते. वाढता वाढता म्हणाल्या, "दाखव रे बघू, कशी धरलीय माझी तुलस." त्याने टी-शर्ट वर केला. त्यांनी चष्मा पुसला, लावला, वाकून पाहिलं.

"ह्यो काय झाला गो? मी हलद लावली तवा चांगला होता ना? मंग काय लावलास तू?"

मुलगा माझ्याकडे बघत होता. तयार केलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं.

"मलम जास्त झालं माझ्याकडून," मी म्हटलं.

"तुना पयल्यापासून पोराचा काय समजलाच नाय," जाऊबाई म्हणाल्या. "तवा नोकरी होती. आता त बसूनच हास ना घरान? यवरा बी जमला नाय?"

हे त्या इतक्या वर्षांत कधी तोंडाने बोलल्या नव्हत्या. पण त्यांच्या मनात आहे हे मला माहीत होतं. ज्या एका कामात मी काही चुकले नव्हते, नेमकं तेच धरून त्या बोलल्या, आणि ते निमित्त मी आपणहून त्यांच्या हाती दिलं होतं.

"उद्यापासून त्याला माझेकडं धाड," त्या म्हणाल्या. "मीच लावीन काय ते."

मी मुलाकडे पाहिलं. आता तरी तो काही बोलेल असं वाटलं. तो मान खाली घालून माशाचे काटे काढत होता.

"नाही ताई," मी म्हटलं. "चुकलं तर चुकलं. लावणार मीच."

मी जाऊबाईंना याआधी कधी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही, त्यांनाही आठवत नसावं. त्यांनी टोपातला आणखी एक तुकडा उचलून मुलाच्या ताटात वाढला आणि आत गेल्या.

वर आल्यावर मी हात धुतले, त्याला खुर्चीत उलटं बसवलं आणि मलमाची नळी उघडली. पुळ्या जरा बसल्या होत्या. बोट लावताच तो किंचित आखडला, मग सैल झाला.

"आई," तो म्हणाला, "मोठ्या आईला वाईट वाटलं गं. इतकं तोडून बोलायला नको होतंस."

मी म्हटलं, "हलू नकोस," आणि पुढच्या फांदीला मलम लावलं.