उजवा कुणाचा?

आमची वाडी शाहूवाडीच्या डोंगरात एका टेकावर होती. धरणाचं पाणी आलं तेव्हा मी सातवीत होतो. खालची भातखाचरं गेली, वाट गेली, घरं तेवढी वर राहिली. बेटाची व्याख्या मी पाठ केली होती, पण आपण बेटावर राहतो हे परीक्षा झाल्यावर लक्षात आलं. दोन पावसाळे होडीतून ये-जा केली, मग सगळी वाडी मलकापूरजवळ नव्या वसाहतीत आली. देवी तिथंच राहिली. तिला हलवायला कौल हवा, आणि कौल लावणारा म्हातारा गुरव वाडी हलली त्याच उन्हाळ्यात वारला होता.

जत्रेला आम्ही दरवर्षी बेटावर जायचो. घरांची नुसती जोती उरली होती. आमचं कुठलं, यावर मी आणि वडील दरवेळी घोटाळायचो.

मी बी.ए. झालो त्या वर्षी आईचे गुडघे धरले होते. दोघांनी उचलून तिला होडीत बसवलं. पुढच्या वर्षी मला जमायचं नाही, देवी वसाहतीत आली तरच दिसेल, असं ती म्हणाली.

गुरवाचा मुलगा एसटीत कंडक्टर; त्या वर्षी कौल त्यानंच लावायचा ठरला. त्यानं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवी येणार, डावी पडली तर नाही. बऱ्याच वेळानं आमच्या उजव्या हाताची पाकळी पडली. आईनं हात जोडले.

तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "थांबा की. उजवा म्हंजे देवीचा का आपला?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. "ह्यो बीए झालाय, ह्येला इचारा," कुणीतरी म्हणालं.

कोल्हापुरात शिकताना एसटीनं माझा डबा यायचा. तो वाडीतल्या प्रत्येक घरानं पाळीपाळीनं भरला होता. या माणसांना मनाला येईल ते सांगणं मला जमेना. मी विचार करून म्हणालो, "बोलतेय देवी. मग उजवा तिचाच."

म्हणजे पडली होती ती डावी.

आईनं माझ्याकडं पाहिलं. "व्हय. तू शिकलायस," म्हणाली आणि उठवायला हात पुढं केला.

ती पुन्हा बेटावर गेली नाही. वसाहतीतूनच पाण्याच्या दिशेला हात जोडायची.

पुढं गडहिंग्लजला मास्तर असताना तिथल्या एका गुरवाला मी विचारलं. तो म्हणाला, "आमच्यात आपला उजवा धरत्यात. तुमच्यात कुणाचा धरत्यात?"

सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आईपुढं हा विषय मी काढला नाही.