घाबरल्यावानी

मी मराठीचा मास्तर आहे. वाशीमच्या शाळेत बावीस वर्षं पोरांचं 'मले' खोडून त्यावर 'मला' लिहिण्यात माझी लाल शाई गेली. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात या शाईचा हात आहे.

बँकॉकहून मुंबईला येणाऱ्या विमानात आम्ही चौघं होतो आणि चौघांना एकत्र बसता आलं नाही. ही पहिली चूक माझी. चेक-इन आदल्या दिवशी मोबाईलवर करायचं असतं. बायकोनं दोनदा आठवण करून दिली. मी 'करतो' म्हणालो आणि हॉटेलच्या तलावात पाय सोडून बसलो. परिणामी मी आणि बाबा पुढं, बायको आणि मुलगी पार मागं शेपटीजवळ.

दुसरी चूक अडकित्त्याची. मोठ्या बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून मी वरचं काही सामान बाबांच्या पिशवीत कोंबलं. त्यात त्यांचा पितळी अडकित्ता गेला. तपासणीच्या बाईनं तो दोन बोटांनी उचलला, उघडला, मिटला.

"सुपारी कातराले हाय बाई तो," बाबा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "सांग न तिले, मास्तर."

मी माझ्या इंग्रजीत 'नट कटिंग' असं काहीतरी म्हणालो. त्यावर ती बाई माझ्याकडं ज्या नजरेनं पाहू लागली, ती पाहून मी पुढचं वाक्य गिळलं. अडकित्ता कात्र्या आणि वस्तऱ्यांच्या टोपलीत पडला.

"काहून टाकला त्या पिशवीत?" बाबांनी एवढंच विचारलं. थोडं चालल्यावर म्हणाले, "तुह्या मायनं आणला होता. कारंज्याहून."

माय जाऊन चार वर्षं झाली होती. मी 'नवीन घेऊ' म्हणालो. ते बोलले नाहीत, आणि इथून पुढं ते गप्प बसले की मी धरून चाललो, म्हातारा अडकित्त्यावरून रुसला आहे.

बाबा एसटीचे ड्रायव्हर होते. अकोला, पातूर, मेडशी, वाशीम. एकतीस वर्षं तोच घाट. सहलीवर त्यांनी सगळं एसटीतच मोजलं. आडव्या पहुडलेल्या सोन्याच्या बुद्धापुढं हात जोडून झाल्यावर ते डोक्यापासून पायापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "चार गाड्या एकामागं एक लावल्या त एवढा होईन." जाताना विमान उतरलं तेव्हा त्यांचा उजवा पाय खाली जोरात दाबलेला होता. चाकं थांबल्यावर पाय सैल झाला. "ब्रेक जराक उशिरा लावला," ते म्हणाले, "पण हात चांगला हाय त्याचा." म्हणजे विमानाची भीती या माणसाला नव्हती. हे मला माहीत होतं.

तर परतीचं विमान. उडून तासभर झाला असेल, जेवण आलं. बाबांनी डब्यावरची चांदी काढलीच नाही. रुसवा, दुसरं काय! मी माझं जेवण संपवलं आणि वाया जाऊ नये म्हणून त्यांचंही संपवलं. त्यांच्या वाट्याचा गोड शिरा मी चमचा चाटून खाल्ला, हे आठवलं की आजही हातातला घास जड होतो.

बाबांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि म्हणाले,

"मले घाबरल्यावानी होऊन राह्यलं."

मला काय चेव आला! "बाबा, पातूरच्या घाटात एकतीस वर्षं गाडी हाणली तुम्ही, आणि इथं घाबरता? इथं तर समोरून ट्रकसुद्धा येत नाही!"

आमच्या ओळीत खिडकीशी एक पुण्याकडचे गृहस्थ होते. ते मोठ्यानं हसले. मला एक श्रोता मिळाला की मी थांबत नाही, हा माझा जुना आजार.

"आणि 'घाबरल्यावानी' काय? घाबरलात तर घाबरलात. सरळ म्हणा, 'मला भीती वाटते.'"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्या अनोळखी माणसाकडं पाहिलं. मग, वर्गात शेवटच्या बाकावरचा पोरगा उठून म्हणतो तसे म्हणाले, "बरं. मला भीती वाटते."

'मले' नव्हे, 'मला'. मी म्हणालो, "शाब्बास."

हवाई सुंदरी आली. तिला मी हिंदीत सांगितलं, "कुछ नहीं, डर लग रहा है इनको." तिनं संत्र्याचा रस आणि दोन गोळ्या आणून दिल्या, चॉकलेटच्या. बाबांनी त्या मुठीत धरल्या आणि डोळे मिटले. मी समोरच्या पडद्यावर नकाशा लावला. निळ्या समुद्रावर पांढरं विमान मुंगीसारखं सरकत होतं. ते पाहता पाहता मला झोप लागली. दोन जेवणं झाली होती ना.

जाग आली ती बायकोच्या आवाजानं. ती पाय मोकळे करायला पुढं आली होती.

"मामाजी जेवले का?"

"त्यांना भीती वाटतेय," मी हसत म्हणालो.

"भीती? मामाजीले?" ती वाकली. "काय होऊन राह्यलं जी?"

बाबांनी डोळे न उघडता एकच शब्द सांगितला. "घाबरल्यावानी."

तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला आणि तो ओला हात माझ्यासमोर धरला. "अहो, हे घाबरणं भीतीचं असते का? जीव घाबरा होऊन राह्यला त्यायचा! छातीचं हाय हे! कधीपासून?"

माझी बायको मंगरूळपीरची. आमच्या भागात 'घाबरल्यावानी' म्हणजे काय, हे तिथल्या कंपाउंडरलाही कळतं. श्वास पुरत नाही, छातीत कालवतं, घाम सुटतो. पेशंट हा शब्द बोलला की तो नाडी धरतो. मलाही कळत होतं. माय शेवटच्या आठवड्यात हेच म्हणत होती. कुठल्या वर्षी कुठल्या वहीत मी तो शब्द खोडला आणि माझ्याही डोक्यातून तो गेला, कोण जाणे.

"कधीपासून?" तिनं पुन्हा विचारलं.

"जेवण आलं तेव्हापासून," मी म्हणालो. पुण्याचे गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले.

मग घोषणा झाली. एक तरुण डॉक्टरीणबाई मिळाली, कातडीच्या रोगांची. तिनं विमानातल्या पेटीतली गोळी चावायला दिली, नळीनं ऑक्सिजन लावला आणि अजून किती वेळ म्हणून विचारलं. आता मागं वळण्यात अर्थ नव्हता, मुंबईच जवळ होती. बाबांना तिन्ही खुर्च्यांवर आडवं केलं. बायको त्यांच्या उशाशी खाली बसली. मला कोणीतरी म्हणालं, तुम्ही जागा मोकळी करा. मी गेलो शेपटीकडं, मुलीशेजारी.

"पप्पा, आजोबा घाबरले?" तिनं विचारलं.

मी तिचा पट्टा घट्ट आहे का ते पाहिलं. तिच्या पडद्यावरही तोच नकाशा होता. पांढरं विमान हलतच नव्हतं.

मुंबईला चाकं टेकली तेव्हा मी तिथूनच मान उंचावून पाहत होतो, दिसलं काही नाही. नंतर बायकोनं सांगितलं, "उतरताना त्यायचा पाय मी पाहत होते. हलला नाही."

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला. त्रास कधी सुरू झाला?

"आत्ताच जी," बाबा स्ट्रेचरवरून म्हणाले. आवाज फुटत नव्हता तरी घाईनं म्हणाले. "उतरता उतरता."

ते माझ्याकडं पाहत नव्हते. मी बोलायला हवं होतं. घरात बोलका म्हणून प्रसिद्ध असलेला, श्रोता मिळाला की न थांबणारा मी, तेवढा वेळ गप्प राहिलो.

"नाही, डॉक्टर," बायको म्हणाली. "चार तास झाले."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. दोन दिवसांनी त्यांनी मला बाजूला बोलावलं. जीव वाचला होता, पण हृदयाचा एक भाग मेला होता, तो परत यायचा नव्हता. "थोडं आधी कळलं असतं, तर..." एवढं बोलून ते थांबले. याला संकेतार्थी वाक्य म्हणतात. नववीला मी ते शिकवतो, आणि रिकाम्या जागा भरायलाही लावतो.

मुंबईहून पुढं नागपूरला जायचं विमान चुकलं ते चुकलंच. बाबांना विमानात बसायची मनाई झाली. अकराव्या दिवशी रेल्वेनं अकोला आणि तिथून गाडीनं मेडशी, असे घरी आलो. पातूरचा घाट लागला तेव्हा ते मागच्या सीटवर आडवे होते. एरवी या घाटात दुसऱ्याच्या गाडीत बसले की प्रत्येक वळणावर त्या ड्रायव्हरचं चुकतं ते सांगत. त्या दिवशी नुसते छताकडं पाहत राहिले.

आता ते मेडशीला माझ्या धाकट्या भावाकडं असतात. फाट्यावर जाऊन एसट्या मोजायचा नेम होता, तेवढं चालवत नाही. अंगणात खुर्ची टाकून बसतात. मी रविवारी जातो, तब्येत विचारतो. "मी ठीक आहे," ते म्हणतात. व्याकरणात चूक काढायला जागा नाही. मग सोमवारी बायको सांगते, मामाजीचा फोन होता, पायावर सूज आली, दोन पावलं चाललं की दम लागते. तिला ते सगळं सांगतात. मेडशीच्या भाषेत.

परवाच्या रविवारी मी मनाची तयारी करून गेलो. वाटेत गाडीत दोनदा म्हणूनही पाहिलं. त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, "बाबा, घाबरल्यावानी होऊन राह्यलं का?"

इतक्या वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडातून गॅदरिंगमधल्या नाटकात पोरं गावठी बोलतात तसा निघाला. बाबांचा चेहरा बंद झाला. त्यांना वाटलं, मी पुन्हा टिंगल करतोय. आजूबाजूला कोण हसतंय का, ते त्यांनी पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "मला भीती वाटत नाही."

त्यांच्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती.

मी बायकोला फोन लावला, त्यांच्या हातात दिला आणि ऐकू येणार नाही इतक्या लांब, फाटकापाशी जाऊन उभा राहिलो.