मृदंगाची कणीक

त्या संध्याकाळी शाळेच्या रंगमंचावर मृदंगाचा आवाज का बसला, हे खरं ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे. तेव्हाही मी एकटाच होतो. ही हकिगत मी पुढे कितीतरी वेळा दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली, ती दर वेळी चुकीची होती, आणि दर वेळी मी होकाराची मान हलवली.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. बेळगावकडून आलेला सहायक मास्तर, अजून कायम न झालेला. शाळा जोयड्याच्या वाटेवर, लांबट एका खोलीची, मागे थेट रान. हेडमास्तर शिस्तीचे, पण नाटकाचे वेडे. त्या वर्षी वार्षिक समारंभासाठी त्यांनी स्वतः एक छोटं देवादिकांचं नाटक लिहिलं आणि त्यात पाच पदं घातली. पेटी ते स्वतः वाजवणार होते. मृदंगाला माणूस हवा होता.

दिग्गीकडच्या एका वाडीत एक कुणबी शेतकरी देवळात मृदंग वाजवत. चाळिशीचे, कमी बोलणारे. मी त्यांना मामा म्हणत असे, ते मला मास्तर. हेडमास्तरांनी एकदा जत्रेत त्यांचा हात ऐकला आणि ठरवून टाकलं. बाजारातल्या दुकानदार मंडळींना ते रुचलं नाही. त्यांचं मूळ खानापूरकडचं, त्यांनी तिकडची नाटकं पाहिलेली. तिकडून शिकलेला माणूस आणू, रानातला गडी सभेत कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी हेडमास्तरांनी सर्वांसमोर सांगितलं की एवढी एक संध्याकाळ पाहा. जमलं तर दर वर्षी हेच वाजवतील, आणि दर शनिवारी शाळेत येऊन मुलांना मृदंग शिकवतील. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून खानापूरचा माणूस. मामा दाराशी उभे राहून हे ऐकत होते. त्यानंतर पंधरा दिवस ते रोज रानातली लांबची वाट चालून तालमीला येत, आणि तालमीत त्यांचा हात एकदाही चुकला नाही.

मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात. त्याशिवाय त्यातून घुमारा निघत नाही. आमच्या या मुलखात भात आणि नाचणी, गहू खानापूरहून गाडीनं यायचा, तोही सणापुरता. म्हणून इथल्या देवळांत शिजवलेला भात आणि राख एकत्र घोटून त्याचा लगदा लावत, आणि तो उत्तम चालायचा. पण देवळाचा मृदंग वाडीबाहेर न्यायचा नाही, म्हणून आमचा मृदंग उसना आणलेला, त्याच्या मालकाची अट होती की माझ्या कातड्याला गव्हाच्या कणकेशिवाय काही लावायचं नाही. हेडमास्तरांनी एका दुकानदाराकडून गव्हाचं पीठ मिळवलं आणि तीन दिवस आधी फडक्यात बांधून माझ्या हवाली केलं. मी गव्हाच्या मुलखातला, मला मळता येईल, म्हणून.

आता ते सांगतो, जे आजवर कुणाला सांगितलं नाही.

मी शाळेच्याच मागच्या खोलीत राहत असे आणि हातानं करून खात असे. सात महिने पोळी खाल्ली नव्हती. पहिल्या संध्याकाळी पीठ बरंच वाटलं. दोन पोळ्या केल्या, गुळाशी खाल्ल्या. डोळ्यांत पाणी आलं, इतक्या चांगल्या लागल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर आत मूठभरही पीठ नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून हेडमास्तरांना सांगावं असं चारदा मनात आलं. पण काय सांगणार? मृदंगाचं पीठ खाल्लं म्हणून? कायम होण्याचा माझा अर्ज त्यांच्या टेबलावर होता, आणि पीठ देणारा दुकानदार पहिल्या रांगेत बसणार होता. दुपारी मी तांदळाचं पीठ घेतलं, उरलेलं गव्हाचं त्यात मिसळलं आणि मळलं. गोळा झाला, रंगही फारसा वेगळा दिसेना. बोटानं दाबला की मात्र कडेला भेगा पडत होत्या. पाणी लावत राहिलो.

उन्हं उतरल्यावर लोक जमू लागले. मुलांच्या तोंडांना रंग लागला होता. मामा पडद्यामागे धुतलेलं धोतर नेसून बसले होते. मी गोळा पुढे केला. त्यांनी तो चिमटीत घेऊन चुरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, ही गव्हाचीच न्हवं?"

"हो."

"हाताला कोरडी लागती."

"नवा गहू आहे," मी म्हणालो. "तसाच लागतो."

त्यांनी कनवटीला हात घातला आणि पानाची एक पुडी काढली. घरून भाताचा लगदा घोटून आणला होता, लागला तर असावा म्हणून. "ह्यो लावू काय? ह्याची माझ्या हाताला सवय हाय."

लावू द्यायला हवा होता. पण मालकाची अट हेडमास्तरांना पाठ होती. राखेचा लगदा दिसला असता तर कणीक कुठे गेली हा प्रश्न माझ्याकडेच आला असता. मी म्हणालो, "नको मामा. मालक चिडेल. कणीक आहे ना."

"तुम्ही म्हणताय तर व्हय," असं म्हणून त्यांनी पुडी परत कनवटीला लावली.

नांदी चांगली झाली. पहिली दोन पदं चांगली झाली. मी पडद्याच्या कडेला नाटकाची वही घेऊन उभा होतो, पण वही वाचतच नव्हतो, मृदंगाचं डावं तोंड बघत होतो. दुसऱ्या पदाच्या शेवटी कडा पांढरी पडू लागली. तिसऱ्या पदात आई झालेला मुलगा मुलासाठी शोक करतो, आणि तिथे पेटी थांबून फक्त मृदंग चालायचा. ती जागा येईपर्यंत मी देवाचं नाव घेत होतो. मामांचा डावा हात पडला आणि कणकेचा तुकडा उडून सतरंजीवर पडला. मग दुसरा. आवाज पार बसला. रिकाम्या डब्यावर थाप मारावी तसा. मुलगा गोंधळला, त्याचा सूर गेला, तो रडण्याच्या ठिकाणी खरंच रडू लागला.

पीठ देणारा दुकानदार बसल्या जागेवरून म्हणाला, "मामा, मृदंग हाय का मडकं?"

सगळी सभा हसली. मामांनी उरलेली पदं बोटांनी कशीबशी सावरली. ते कुणाकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. हेडमास्तर पेटीवर मान खाली घालून वाजवत राहिले. नाटक संपल्यावर मामांनी मृदंग पुसला, सतरंजीवरचे तुकडे एकेक करून वेचले, आणि कुणाचा निरोप न घेता गेले.

पुढच्या वर्षी खानापूरचा माणूस आला. शनिवारची शिकवणी झाली नाही. मी कायम झालो.

मामा मला त्यानंतर एकदाच भेटले, जोयड्याच्या बाजारात. मीठ घेत होते. इतके दिवस ज्या प्रश्नाची मला भीती होती तो ते विचारतील असं मला वाटलं. त्यांनी नमस्कार केला. देवळातला मृदंग आता धाकटा भाऊ वाजवतो, म्हणाले. "का?" एवढंच मी विचारलं.

"कणीक गव्हाची हुती, तुम्ही स्वतः मळलेली. मग चूक कुनाची, मास्तर? माझाच हात गेला."

त्यांनी माझं खरं मानलं होतं, म्हणून स्वतःच्या हातावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. त्या क्षणी सांगितलं असतं तर घरी जाऊन त्यांनी भावाकडून मृदंग परत घेतला असता. मी विचारलं, यंदा भात कसा आला. ते म्हणाले, बरा आला.

मामा जाऊन फार वर्षं झाली. त्यांचा नातू शिकला आहे. वाडीत अजून सांगतात की आजोबांचा हात भर सभेत गेला. हे त्यानंच मला सांगितलं, मास्तर म्हणून आदरानं, आणि तेव्हाही मी मान हलवली. हा कागद त्याला पाठवतो आहे. येत्या जत्रेला मृदंग बाहेर काढतील त्याआधी त्यानं तो देवळात मोठ्यानं वाचावा. वाचेल की चुलीत घालेल, मला माहीत नाही. घातला तरी माझी तक्रार नाही. एवढं सगळं वाचायचं नसेल तर त्यानं पुढची ओळ तेवढी वाचावी, ती मी मोठ्या अक्षरात लिहिली आहे.

कणीक तांदळाची होती, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी गव्हाची म्हणालो.